वाचताना गाळलेला शब्द

सर,

पत्रं लिहायची सवय तुम्हीच लावलीत, पण तेव्हाची आमची पत्रं सगळी खोटी असायची. बँकेच्या मॅनेजरला लिही, विमा कंपनीला लिही, न पोचलेल्या मालाची तक्रार लिही. तो मालही नव्हता आणि तो मॅनेजरही नव्हता. तुमच्या डोंबिवलीच्या त्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून आम्ही कुणाकुणाचे दिलगीर असायचो, कुणाकुणाचे आभारी असायचो, आणि त्यातलं एकही पत्र कधी पोस्टाच्या पेटीत पडलं नाही. हेही पडणार नाही. फरक एवढाच की यात लिहिलेलं सगळं घडलेलं आहे. आणि हे मी मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत मला तुमच्यावर धड रागावता येत नाही. इंग्रजीत रागवायचं कसं तेही तुम्हीच शिकवलंत, आणि ते फार सभ्य निघालं.

निमित्त झालं ते ऑफिसात. मी ठाण्याला नोकरी करते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे माहीत होतं, कारण त्या धंद्याच्या दारात तुम्हीच मला पहिल्यांदा नेऊन उभं केलंत. लोकांनी आपल्या पैशाचं काय करावं हे सांगणारी माहितीपत्रकं असतात, त्यांचं इंग्रजी मी तपासते. परवा एका पत्रकात नुकत्याच लागलेल्या मुलीने ‘इन्व्हेस्ट वाइजली’ असं लिहिलं होतं. मी ‘वाइजली’वर काट मारली. ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “मॅडम, तो ठेवू या ना. उद्या कोणाचे बुडाले तर आपण बोलू शकतो, आम्ही वाइजली बोललेलो. तो आपल्या सेफ्टीसाठी असतो.” इतक्या साधेपणाने म्हणाली, जशी छत्री घेऊन निघा म्हणावं तशी. मला हसू आलं, आणि मग हसू येईना. जे तिला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं ते कळायला मला एक अख्खी सभा लागली होती. मी खाली जाऊन चहा मागवला आणि तो तसाच टाकून परत वर आले.

तुमच्या वर्गात मी आले तेव्हा मला कशाची भीती वाटायची सांगू? इंग्रजीची नव्हे. वासाची. कळव्याहून निघताना मी हात लिंबाने घासायचे, केस धुतलेले असले तरी पुन्हा हुंगून बघायचे. आमच्या घरात पहाटेपासून मासळी. आई बाजारात टोपली घेऊन बसायची, वडील होते तोवर खाडीत जायचे. तुमच्याकडे स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायचा, हिंग-मोहरीचा, आणि मी मुद्दाम दाराशी बसायचे. तुमच्या लक्षात आलं असणारच, कारण एक दिवस तुम्ही काही न बोलता माझी वही उचललीत आणि पुढच्या ओळीत ठेवलीत. काकूंनी बशीत पोहे आणून दिले, तेही पहिल्यांदा मला. बाकीची मुलं ठाकुर्ली-डोंबिवलीची, कुणाचे वडील बँकेत, कुणाचे मंत्रालयात. त्यांच्यात मला तुम्ही असं बसवलंत की मी तुमच्यावर जीव टाकला. हे मी आजही नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर हे पत्र एका पानात संपलं असतं.

पैशाच्या क्रियापदांचा तुमचा धडा मला अजून तोंडपाठ आहे. “पैशाचं क्रियापद लिहिताना उघडं ठेवू नये,” तुम्ही म्हणायचात. ‘सेव्ह’ आलं की मागून ‘रेग्युलरली’. ‘प्लॅन’ आलं की ‘केअरफुली’. ‘स्पेंड’ला ‘सेन्सिबली’. आणि तुमचा सर्वांत लाडका, ‘इन्व्हेस्ट ज्युडिशियसली’, म्हणजे विचारपूर्वक गुंतवा. तो म्हणताना तुमचा चेहरा बर्फी तोंडात विरघळावी तसा व्हायचा. मी विचारलं होतं, सर, हा शब्द हवाच का, नुसतं ‘इन्व्हेस्ट’ म्हटलं तर काय बिघडतं? तुम्ही चष्मा काढलात. “अगं, नुसतं म्हटलं तर तो हुकूम झाला. लोकांच्या पैशाबद्दल आपण हुकूम सोडायचे का? शब्द जोडला की त्याचा सल्ला होतो. हा सभ्यपणा आहे.” आमच्या घरी या जातीचा सभ्यपणा कुणी पाहिलेला नव्हता. माझी आई गिऱ्हाइकाला म्हणायची, घे नायतर पुढं हो. मला वाटलं, काय सुंदर आहे हे, लोकांच्या पैशाशीही किती अदबीने बोलतात ही माणसं. त्या अदबीच्या मागे कोण लपतं ते मला त्या वयात कसं दिसणार होतं?

आणि दुसरा धडा. तो तर तुम्ही मला उभं करून दिलात. ठाण्यातल्या एका गुंतवणूक कंपनीची इंग्रजी पत्रकं तुम्ही घरबसल्या लिहून द्यायचात, आणि आमच्याकडून त्यांचं तोंडी मराठी करून घ्यायचात. एकदा मी एका ओळीतला शब्द सोडला. मुद्दाम नाही, मला वाटलं त्याने काही अडत नाही. तुम्ही थांबवलंत. “दुसऱ्यासाठी वाचतेस तेव्हा तू फक्त त्याचे डोळे आहेस. तुला नको असलेला शब्द त्याला हवा असेल. ते तो ठरवेल. तू कोण ठरवणारी?” सगळा वर्ग बघत होता. मला रडू आलं होतं आणि तुम्ही ते पाहिलंत, तरी तुम्ही ती ओळ मला पुन्हा वाचायला लावलीत, पुरी. त्या दिवशी घरी जाताना मला अपमान नाही वाटला. मला वाटलं, या माणसाच्या हातात आपण काहीही द्यावं. आणि दिलं, सर. आई दिली.

आमच्या वाड्यातल्या मासळी विकणाऱ्या बायकांची भिशी होती. ती आईकडे असायची. आईला अक्षर येत नव्हतं, पण कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, सगळं डोक्यात. बायका तिच्याशी भांडायच्या ते मासळीवरून, भिशीवरून कधी नाही. पहाटे धक्क्यावरून माल आणायला त्या सगळ्या मिळून टेम्पो लावायच्या, आणि टेम्पोवाला मनाला येईल तसं भाडं वाढवायचा, कधी यायचाच नाही. तेव्हा त्यांच्या मनात आलं की भिशी वाटून न घेता कुठेतरी ठेवायची, वाढू द्यायची, आणि स्वतःचा टेम्पो घ्यायचा. मावशी, म्हणजे आईची चुलत बहीण, तर टेम्पोचा रंगही ठरवून बसली होती. तुमच्या कंपनीचं पत्रक मी घरी नेलेलं आईने पाहिलं. चकचकीत कागद, वर नवरा-बायको आणि दोन पोरं हसताहेत. “गो, हे काय लिवलंय? तुझ्या मास्तरांना इचार ना, आमच्यासारक्यांना चालंल का?” मी विचारलं. तुम्ही म्हणालात, मी स्वतः येतो, त्यांना समजावून सांगतो. मला केवढा आनंद झाला होता. तुम्ही आमच्या घरी येणार.

दिवाळी नुकतीच झाली होती. काकूंनी फराळाचा डबा दिला होता, तो तुम्ही हातात घेऊन आमच्या गल्लीतून आलात, वाळत घातलेल्या जाळ्यांखालून डोकं वाकवून. मी सकाळपासून घर धूत होते. आईने त्या दिवशी घरात मासळी शिजवली नव्हती, तुमच्यासाठी. स्वयंपाकघरातच सगळ्या बायका दाटीवाटीने बसल्या, कारण पुढच्या खोलीत बर्फाच्या पेट्या होत्या. आईने भीत भीत विचारलं, चाय घ्याल का? आणि तुम्ही म्हणालात, “घेईन की बाई, घरचाच आहे मी.” तुम्ही पाणी मागितलंत, चहा घेतलात, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवलात. सर, तुम्हाला माहीत होतं का तो कप उचलताना तुम्ही काय उचललंत? आमच्या बायकांनी उभ्या आयुष्यात पाहिलं होतं की तुमच्या घरांतली माणसं मासळी घेतात ती दाराबाहेर, पैसे वरून टाकतात, आणि आमच्या दारात आलीच तर तहान नाही म्हणतात. तुम्ही गेल्यावर मावशी काय म्हणाली ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. ती म्हणाली, “आपल्या हातचा चाय पिला, तो मानूस खोटं कशाला बोलंल?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पत्रकावर कुणी विश्वास ठेवला नव्हता. चहावर ठेवला होता.

पण तुम्ही जायच्या आधी वाचन झालं. मी चुलीशेजारी पाटावर बसले आहे. तुम्ही पत्रक डोळ्यांजवळ धरता. इंग्रजी ओळ एकदा मोठ्याने म्हणता, बायकांना त्याचं कौतुक वाटतं. मग मराठी सांगता. नियमित बचत करा. लवकर नियोजन करा. आणि मग ती ओळ येते, तुमची लाडकी, जिच्यात ‘ज्युडिशियसली’ आहे आणि पुढे आपली ऐपत आणि जोखीम समजून घेऊन असंही आहे. तुम्ही म्हणता, “आणि आमच्याकडे गुंतवा.” एवढंच. मी वर पाहते. तुम्ही पुढच्या ओळीवर गेलेले असता. मला वाटतं, या बायकांना जड शब्द कशाला, म्हणून सोपं करून सांगताहेत. मला ती तुमची माया वाटली. मी तेव्हा विद्यार्थिनी होते आणि तुम्ही सर होतात. तुम्ही गाळलंत त्याला काही कारण असेल, मी गाळलं तर ती चूक असते, इतका सरळ हिशेब होता माझा. यात माझा दोष होता असं मी कुणाच्याही तोंडून आता ऐकून घेणार नाही.

भिशीचे सगळे पैसे कंपनीत गेले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कंपनीने आधी मुदत वाढवली, मग फोन घेणं बंद केलं, मग शटर. बायका ठाण्याला जाऊन त्या ऑफिसच्या जिन्यावर बसायच्या, टोपल्या घेऊनच, कारण तिथून थेट बाजार गाठायचा असायचा. वॉचमन वासाबद्दल बोलला तेव्हा मावशीने त्याला जे सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही. शेवटी कंपनीने लग्नाच्या एका हॉलमध्ये सभा बोलावली. स्टेजवर चार-पाच टायवाले आणि कडेच्या खुर्चीवर तुम्ही. बायकांनीच तुमचं नाव घेतलं होतं, त्या मास्तरांना बोलवा म्हणून. त्यांना वाटलं होतं तुम्ही आलात की त्यांच्या बाजूने बोलाल. मलाही वाटलं होतं. तुम्ही उठलात, माईक घेतलात, खिशातून पत्रक काढलंत.

मावशी ओरडली, “मास्तर, तुमी सांगलेलं आमाला, पैसे टाका म्हनून.” तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाही. “मी काय सांगितलं आणि तुम्ही काय ऐकलंत, याचा वाद नको,” तुम्ही शांतपणे म्हणालात, तुमच्या त्या स्वच्छ मराठीत. “लिहिलेलं काय आहे ते पाहू.” तुम्ही ती ओळ इंग्रजीत वाचलीत. पुरी वाचलीत. आणि मग म्हणालात, “याचा अर्थ मी सांगितला तर म्हणाल, मास्तरांनी पदरचं घातलं. तुमच्याच घरातली मुलगी आहे इथे. तीच सांगेल.” तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. “ऊठ गं.”

मी उठले. सर, हीच ती गोष्ट आहे जी मला इतकी वर्षं सलते आहे. तुमच्याकडे तिथे दुसरे लोक होते, इंग्रजी येणारे, टायवाले. तुम्ही मला निवडलंत, कारण मी एकही शब्द सोडणार नाही याची तुम्हाला खात्री होती. ती खात्री तुम्हीच तयार केली होती, मला वर्गात उभं करून, रडवून. आणि ती तुम्ही माझ्या आईविरुद्ध वापरलीत. कुणी म्हणेल, मी गप्प बसायला हवं होतं. पण तुम्ही ‘ऊठ’ म्हणालात की मी उठायचे आणि ओळ समोर आली की पूर्ण म्हणायचे, तेच तर माझं शिक्षण होतं. मी म्हटलं: आपली गरज आणि ऐपत पाहून, जोखीम समजून घेऊन, विचारपूर्वक गुंतवा. “शब्दशः?” तुम्ही विचारलंत. “शब्दशः,” मी म्हटलं. मग तुम्ही बायकांकडे वळलात. “ऐकलंत? विचार तुम्ही करायचा होता.”

बायका तुमच्याकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. आई पहिल्या रांगेत होती. तिने पदर नीट केला आणि उठून बाहेर गेली, तशी सगळ्या गेल्या. रस्त्यात ती माझ्यापुढे चालत होती. खाडीच्या पुलाशी थांबून तिने विचारलं, “तवा ह्यो शबुद होता का तिथं? आपल्या घरात वाचला तवा?” मी म्हटलं, होता. “तुना ठावं होतं?” मी म्हटलं, होतं. ती पूल चढू लागली. मला वाटलं होतं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

भिशी दुसऱ्या बाईकडे गेली. आईने ती स्वतःहून दिली, कुणी मागायच्या आधी. टेम्पो राहिला. बायका हळूहळू पुन्हा बोलायला लागल्या, वाड्यात अबोला किती दिवस टिकणार, पण घरी एक गोष्ट बदलली ती बदललीच. इंग्रजी कागद आला, विजेच्या मीटरचा असो की दवाखान्याचा, आई तो घेऊन नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडे जायची. घरात मी बसलेली असताना. इंग्रजीवर पोट भरणारी मुलगी घरात, आणि आई चपला घालून नाक्यावर. मी एकदा म्हटलं, आये, मी वाचते ना. तर म्हणाली, “नको. त्याला काय, तो वाचून टाकते. तुला इचार करावा लागतं.” रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. तुमच्याबद्दल मात्र ती कधी वाईट बोलली नाही, सर. मास्तर पन फसला असंल बिचारा, असंच म्हणायची. चहा प्यायलेला माणूस तिच्या मनातून उतरेना.

मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. की तुम्ही फसलात, घाबरलात, आणि घाबरलेला माणूस जवळचं कोण दिसेल त्याच्या मागे लपतो. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्यात तुम्हाला माफ करण्याइतकी जागा झाली होती. मग तुम्ही गेल्याचं कळलं. मी डोंबिवलीला आले. पुढच्या खोलीत तुमचा फोटो, त्याला हार. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी. काकू मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, कारण बाहेर माणसं होती आणि त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. त्यांनी कढईत रवा टाकला, भाजता भाजता बोलत राहिल्या. “तुझं फार कौतुक होतं गं ह्यांना. त्या सभेत किती शुद्ध सांगितलंस, ते कितीदा तरी सांगायचे.” मी म्हटलं, कंपनीने सगळ्यांचंच नुकसान केलं. त्या म्हणाल्या, “आमचं नाही झालं बाई. देवाची कृपा. ह्यांना आतून कळलेलं, गणपतीतच आमचे काढून घेतले ह्यांनी.”

मी विचारलं, कुठल्या गणपतीत? त्या म्हणाल्या, “त्याच वर्षीच्या. दिवाळीत मी तुझ्या आईसाठी फराळ नाही का दिलेला, त्याच्या आधीच्या.” आणि त्यांनी रव्यात पाणी ओतलं. त्यांना काहीही कळलं नव्हतं, सर. त्या मनाने इतक्या स्वच्छ होत्या की काय बोलून गेल्या ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी म्हटलं, मग सर आमच्याकडे का आले? त्यावर त्या हसल्या, आठवणीने. “अगं, ऑफिसात टेबल देणार होते ना ह्यांना. नवे ठेवीदार आणून दाखवा म्हणाले होते. खूप हौस होती ह्यांना टेबलाची. जन्मभर सतरंजीवर शिकवलं.” मिळालं का टेबल? “मिळालं की. थोडे दिवस.” मग त्यांनी शिरा बशीत काढून माझ्या हातात दिला, आणि मी तो खाल्ला. काकूंच्या हातचं मला टाकवत नाही.

टेबल. मी परतीच्या वाटेवर तोच शब्द घोळवत होते. तुम्हाला माहीत होतं की घर पेटणार आहे, तुम्ही तुमचं सामान बाहेर काढलंत, आणि मग फराळाचा डबा घेऊन आमच्याकडे येऊन सांगितलंत, आत या. वर पुन्हा लिहून ठेवलंत, विचारपूर्वक या. टेबल मलाही मिळालं आहे आता, खिडकीशेजारी. ऑफिसात मला कुणी विचारत नाही मी कुठली आणि माझी आई काय विकायची. ते सगळं तुमच्यामुळे आहे, हे मी खोडू शकत नाही, आणि म्हणूनच तुमचा इतका संताप येतो. परक्याने लुबाडलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. तुम्हाला शिव्या द्यायला गेले तर व्याकरण शुद्ध आहे ना ते आधी बघते. हे तुम्ही माझ्यात ठेवून गेलात.

काकूंचं ते बोलणं मी आईला सांगितलं नाही. तिच्या पाठीवरचं ओझं थोडं हललं असतं, माझ्यावरचाही तिचा अविश्वास कदाचित कमी झाला असता. पण त्या दिवसाचं तिच्याकडे एकच चांगलं उरलेलं होतं, की एक शिकलेला माणूस तिच्या घरात बसून तिच्या हातचा चहा प्यायला आणि त्याने कप स्वतः मोरीत ठेवला. ते मी कसं काढून घेणार होते? तुमचा मान मी राखला तो तुमच्यासाठी नाही, हे लक्षात घ्या.

आता आई माझ्याकडेच असते, मानपाड्याला. बाजार सुटला, डोळ्यांत मोतीबिंदू, मेडिकलवाला दूर राहिला, तर आता समोरच्या ब्लॉकमधल्या बाईकडून कागद वाचून घेते. हे पत्र मी जेवणाच्या टेबलावर लिहीत बसले आहे आणि ती समोर लसूण सोलते आहे. मघाशी तिने विचारलं, “काय लिवतंस गो इतकं?” पत्र, मी म्हटलं. “कोनाला?” मला खोटं सुचलं नाही. म्हटलं, मास्तरांना. तिचे हात थांबले. “त्यांना जाऊन कवरी वर्सां झाली.” हो, मी म्हटलं, त्यांना पाठवायचं नाहीये. ती बराच वेळ लसणाच्या साली गोळा करत राहिली. मग म्हणाली, “इंग्रजी हाय का?” नाही, मराठी आहे. “मग मना वाचून दाव. सगलं वाच.”

त्या सभेनंतर तिने मला काहीही वाचायला सांगितलेलं नाही, सर. आज पहिल्यांदा सांगते आहे. मी वाचणार आहे. गणपती आणि दिवाळी, काकूंचा रवा, टेबल, सगळं तिला आज कळेल. चहाचं काय करायचं ते ती ठरवेल, मी कोण ठरवणारी. लसूण बाजूला सारून ती खुर्ची पुढे ओढते आहे, तेव्हा पटकन शेवटचं लिहून टाकते. त्या हॉलमध्ये मी ओळ पूर्ण म्हणून संपवली तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहून हळूच मान हलवलीत, आणि आई समोर बसलेली असताना, क्षणभर, मला फार बरं वाटलं होतं. एवढं एक मी तिला वाचून दाखवणार नाही.